आखातात रेल्वे वाढते आहे, पण आधी माल आणि मग माणसे

८ डिसेंबर २०२५ रोजी सौदी अरेबिया आणि कतार यांनी रियाध आणि दोहा या दोन राजधान्यांना जोडणाऱ्या वेगवान रेल्वेचा करार केला. लांबी ७८५ किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबई-नागपूर लोहमार्गापेक्षा थोडी कमी. वेग ताशी ३०० किलोमीटरहून जास्त, वाटेत हुफूफ आणि दम्माम, प्रवास साधारण दोन तासांचा, आणि काम सहा वर्षांत पुरे करायचे. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये अबूधाबी-दुबई हे अंतर अर्ध्या तासात कापणाऱ्या गाडीची घोषणा झाली होती. डिसेंबर २०२४ मध्ये रियाधची चालकविरहित मेट्रो धावू लागली.

अशा बातम्या वाचल्या की साधा प्रश्न पडतो. जिथे पेट्रोल स्वस्त, रस्ते सहापदरी आणि घरटी मोटार, तिथे अचानक रेल्वेचे वेड कुठून आले? कोकणातल्या, मुंबईतल्या कितीतरी घरांतले कुणी ना कुणी तिकडे नोकरीला आहे. त्यांनाही हा प्रश्न पडतो, कारण त्यांचे सगळे आयुष्य तिथे बस, टॅक्सी आणि कंपनीच्या गाडीवर गेले आहे.

उत्तराची सुरुवात प्रवाशांपासून केली तर गोंधळ होतो. फोटो प्रवासी गाड्यांचे छापून येतात, पण आखातातल्या लांब पल्ल्याच्या रुळांचा मोठा भाग आधी मालासाठी टाकला गेला. तिथूनच सुरुवात करू.

तिथे आधी रेल्वे होतीच ना?

होती, पण तुकड्या-तुकड्यांत. ऑटोमन काळात दमास्कसहून मदिनेपर्यंत हिजाझ रेल्वे आली, १९०८ साली. पहिल्या महायुद्धात तिचे रूळ आणि पूल वारंवार उडवले गेले आणि तिचा आजच्या सौदी अरेबियातला भाग कायमचा बंद पडला. १९५१ मध्ये राजे अब्दुलअझीझ यांच्या आग्रहावरून दम्माम बंदर ते रियाध अशी लाइन सुरू झाली. ती बांधली अरामको या तेल कंपनीने. बंदरात उतरलेला माल वाळवंटातल्या राजधानीपर्यंत न्यायचा, हा तिचा हेतू. नंतर अर्धशतकभर अरबी द्वीपकल्पात रेल्वे म्हणावी अशी हीच काय ती लाइन होती.

त्या काळात तेलाचा पैसा रस्ते, विमानतळ आणि बंदरांत गेला, आणि ते चुकीचेही नव्हते. कच्चे तेल पाइपातून आणि जहाजातून जाते, त्याला रेल्वे लागत नाही. लोकसंख्या थोडी आणि किनाऱ्यालगत. रेल्वेला हवा असतो जड, एकगठ्ठा आणि रोज त्याच वाटेने जाणारा माल. तो फार उशिरा तयार झाला.

खरे गिऱ्हाईक: फॉस्फेट, गंधक आणि दगड

सौदीच्या अगदी उत्तरेला, जॉर्डन आणि इराकच्या सीमेकडे, अल-जलामिद आणि वअद अल-शमाल इथे फॉस्फेटच्या खाणी आहेत. खत करायचे तर हे फॉस्फेट आखाती किनाऱ्यावरच्या रास अल-खैर बंदरात न्यावे लागते, आणि ते अंतर जवळजवळ दीड हजार किलोमीटर आहे. लाखो टन दगडी भुकटी एवढ्या लांब ट्रकने नेली तर खताची किंमत वाहतुकीतच संपेल. म्हणून उत्तर-दक्षिण रेल्वे बांधली गेली. २०११ मध्ये तिच्यावर खनिजाच्या गाड्या धावू लागल्या. रियाधहून उत्तरेकडे जाणाऱ्या प्रवासी गाड्या २०१७ मध्ये सुरू झाल्या, म्हणजे सहा वर्षांनी. आज तीच लाइन जॉर्डनच्या सीमेजवळच्या कुरय्यातपर्यंत प्रवासी नेते.

ही लाइन आपल्यापासून दूर आहे असे समजू नका. भारताला लागणाऱ्या डीएपी खताचा मोठा हिस्सा आयात होतो आणि सौदी अरेबिया हा त्याच्या मुख्य पुरवठादारांपैकी एक आहे. २०२५ मध्ये तिथल्या मआदेन या खाण कंपनीने भारतीय खत कंपन्यांशी वर्षाला ३१ लाख टन डीएपी देण्याचे पाच वर्षांचे करार केले. विदर्भात किंवा मराठवाड्यात पेरणीच्या वेळी जे पोते फोडले जाते, त्यातले फॉस्फेट कदाचित या वाळवंटी रुळांवरून आलेले असेल. आखाती रेल्वेशी मराठी माणसाचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा संबंध हा आहे, आणि तो कुठल्याच फोटोत दिसत नाही.

संयुक्त अरब अमिरातीची (पुढे नुसते 'अमिराती') गोष्ट अशीच. तिथे एतिहाद रेल ही कंपनी २००९ मध्ये स्थापन झाली. पहिला टप्पा २६४ किलोमीटरचा: शाह आणि हबशान या वायूक्षेत्रांपासून रुवैस बंदरापर्यंत. शाहमधून निघणाऱ्या वायूत पाचव्या हिश्श्याहून जास्त हायड्रोजन सल्फाइड असतो. तो विषारी, त्यामुळे वायू वापरण्याआधी काढून टाकावाच लागतो, आणि त्यातून गंधक उरते. वायू काढायचा थांबवता येत नाही, म्हणून गंधकही साचत राहते. ते रोजच्या रोज हलवायलाच हवे. एकेका गाडीला ११० वाघिणी आणि एका खेपेत सुमारे ११ हजार टन गंधक, असे हे काम २०१६ च्या सुरुवातीपासून व्यापारी तत्त्वावर चालू आहे. रुवैसहून ते जहाजाने बाहेर जाते आणि त्याचाही बराच भाग शेवटी खतासाठीच वापरला जातो.

पुढे दुसरा टप्पा झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सौदी सीमेवरच्या घुवैफातपासून पूर्वेच्या फुजैराहपर्यंत सुमारे ९०० किलोमीटरचे मालवाहू जाळे पूर्ण झाले. त्यावर कंटेनर जातात, आणि पूर्वेच्या डोंगरांतला दगड, खडी अबूधाबी-दुबईकडच्या बांधकामांना जातो.

ट्रकने काय बिघडते?

सायकलच्या चाकात हवा कमी असली की पायडल मारताना दम लागतो, कारण रबर प्रत्येक फेऱ्यात दबते आणि पुन्हा फुगते, त्यात ताकद वाया जाते. ट्रकचे टायर पूर्ण हवेचे असले तरी थोडेफार हेच होत असते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर जवळजवळ दबतच नाही. सपाटीवर तेवढेच वजन हलते ठेवायला रेल्वेला ट्रकच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढाच जोर लागतो. अंतर जितके लांब आणि माल जितका जड, तितका हा फरक पैशांत मोठा दिसतो. एतिहाद रेलच्या हिशेबाने एक पूर्ण गाडी तीनशेपर्यंत ट्रकची जागा घेते. तीनशे ट्रक म्हणजे तीनशे चालक, ४५ अंशांच्या उन्हात, रात्रंदिवस. त्यांतले किती भारतीय आणि पाकिस्तानी असतात हे तिकडे राहिलेल्यांना सांगायला नको. रस्त्यावरचे ट्रक कमी होणे ही मला या साऱ्यातली फार मोलाची गोष्ट वाटते.

दुसरे कारण भूगोलाचे. दुबई, अबूधाबी, दम्माम, कतार, बहारीन, कुवेत यांची मोठी बंदरे होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत आहेत. या चिंचोळ्या वाटेत काही विपरीत घडले तर जहाजे अडकतात, विम्याचे दर चढतात. फुजैराह आणि ओमानचे सोहार बंदर सामुद्रधुनीच्या बाहेर, थेट ओमानच्या आखातावर. सौदीचे जेद्दाह तर तांबड्या समुद्रावर. या बाहेरच्या बंदरांना आतल्या शहरांशी रेल्वेने जोडले की निदान कंटेनरला दुसरी वाट मिळते. जेद्दाह ते रियाध हा जवळपास ९५० किलोमीटरचा दुवा सौदी अनेक वर्षे बांधू पाहतो आहे. त्याला लँडब्रिज, म्हणजे जमिनीवरचा सेतू म्हणतात. तो झाला तर तांबडा समुद्र आणि आखात रुळांनी जोडले जातील.

वाळवंटात रूळ टिकतात तरी कसे?

ही शंका रास्त आहे. अडचणी तीन: वाळू, ऊन आणि, ऐकून आश्चर्य वाटेल, पाऊस.

वाळू रुळांवर साचते हे आपल्याला दिसते. खरे नुकसान खाली होते. रुळाखालची खडी दोन कामे करते: पाणी निचरू देते आणि गाडीचा दणका थोडा सोसून घेते. खडीच्या फटींत वाळू भरली की खडीचा थर काँक्रीटसारखा कडक होतो, मग दणका स्लीपरला (रुळांखालच्या आडव्या तुळईला) आणि रुळाला बसतो आणि ते लवकर झिजतात, तडकतात. म्हणून काही ठिकाणी रूळ उंच भरावावर नेतात, म्हणजे वारा वाळू घेऊन निघून जातो. वाळूच्या टेकड्या सपाट करून त्यांवर जाड खडी पसरतात, वाऱ्याच्या बाजूला कुंपणे आणि चर करतात. जिथे वाळू फारच आहे तिथे खडीच वगळून रूळ थेट काँक्रीटच्या लादीवर बसवतात. मक्का-मदिना मार्गावर काही भागांत असेच केले आहे. सौदी आणि अमिरातीच्या मालगाड्यांची डिझेल इंजिनेही वेगळी मागवलेली आहेत: आत जाणारी हवा गाळून, गाळणी झटक्याने साफ करत राहणारी यंत्रणा त्यांत बसवलेली असते.

आता ऊन. पोलादी रूळ एक किलोमीटर लांब असेल आणि त्याचे तापमान ५० अंशांनी वाढले, तर तो मोकळा असल्यास अर्ध्या मीटरहून थोडा जास्त लांब होईल. पण तो मोकळा नसतो, सलग जोडून स्लीपरला घट्ट धरलेला असतो. मग ती लांबी जाते कुठे? ताणात. रूळ बसवतानाच तो एका ठरलेल्या, बऱ्यापैकी गरम तापमानाला शून्य ताणावर बसवतात. थंडीत तो आतून ओढला जातो, कडक उन्हात दाबला जातो, आणि दोन्ही वेळा धोक्याच्या रेषेच्या अलीकडे राहतो. उन्हात तापलेला रूळ हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी जास्त गरम असतो, त्यामुळे आखातात हे शून्य तापमान वर धरावे लागते. तंत्र जुनेच, आपल्याकडेही वापरतात.

आणि पाऊस. वर्षभर कोरडा असलेला ओढा, ज्याला तिथे वादी म्हणतात, एका रात्रीत पूर होऊन वाहतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये दम्मामजवळ जोरदार पावसाने भराव वाहून गेला आणि प्रवासी गाडी रुळांवरून घसरली. एप्रिल २०२४ च्या पावसानंतर दुबई मेट्रोची काही स्थानके कित्येक आठवडे बंद राहिली. म्हणून वाळवंटातल्या लाइनवर मोऱ्या आणि पूल इतके दिसतात. उंटांसाठी कुंपण आणि खालून जायला वाटा हेही या यादीत येते, कारण ताशी दोनशेच्या वेगाने उंटावर आदळणे गाडीलाही परवडत नाही.

२०१८ ची रेल्वे २०३० वर का गेली?

आखाती सहकार्य परिषदेचे सहा सदस्य आहेत: सौदी, अमिराती, कतार, कुवेत, बहारीन आणि ओमान. या सहांना जोडणाऱ्या सुमारे २,१०० किलोमीटरच्या रेल्वेला २००९ मध्ये मान्यता मिळाली. कुवेतहून निघून मस्कतपर्यंत जाणारी ही लाइन २०१८ पर्यंत व्हायची होती. आता २०३० म्हणतात. कुवेत आणि बहारीनमध्ये आजही एक मैलभर लोहमार्ग नाही.

वाळू आडवी आली नाही. २०१४ पासून तेलाचे भाव कोसळले आणि सरकारांनी खर्च आखडला. २०१६ मध्ये अमिरातीने दुसऱ्या टप्प्याचे काम थांबवले, ओमाननेही सीमेपलीकडच्या लाइनवरून लक्ष काढून घेतले. शेजाऱ्याची लाइन सीमेपर्यंत येणारच नसेल तर आपण तिथवर रूळ कशाला न्यायचे, असा प्रश्न प्रत्येकाला पडला. मग जून २०१७ मध्ये सौदी, अमिराती, बहारीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. कतारची एकमेव जमिनीवरची सीमा सौदीला लागून आहे, ती बंद झाली. जानेवारी २०२१ मध्ये सौदीतल्या अल-उला इथे समेट होईपर्यंत सामाईक रेल्वेचे नाव घेणेही अवघड होते. रियाध-दोहा कराराकडे मी म्हणूनच वेगाच्या आकड्यापेक्षा जास्त लक्ष देऊन पाहतो. साडेतीन वर्षे जी सीमा बंद होती, तिच्यावर रूळ टाकायचे ठरले आहे.

सीमा ओलांडायला आणखीही बरेच जुळावे लागते. गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, सगळ्यांनी १,४३५ मिलिमीटर ठेवले आहे, ते बरे झाले. पण सिग्नलची भाषा एक हवी, चाकांच्या प्रत्येक आसावर किती भार चालेल हे एक हवे, चालकाचा परवाना दोन्हीकडे चालला पाहिजे, आणि कस्टमची तपासणी प्रत्येक सीमेवर गाडी तासन्‌तास उभी करून होता कामा नये. ट्रक आज सीमेवर रांगेत थांबतात. गाडीही तशीच थांबली तर रेल्वेचा अर्धा फायदा तिथेच जातो.

या सगळ्याची पहिली खरी परीक्षा ओमान आणि अमिराती देतील. हफीत रेल या संयुक्त कंपनीची अबूधाबी ते सोहार लाइन बांधली जात आहे. डोंगरांतून बोगदे आणि उंच पूल काढावे लागत आहेत. प्रवासी गाडी ताशी २०० किलोमीटरने सोहार-अबूधाबी अंतर १०० मिनिटांत कापेल असे ठरवले आहे. पण सोहार हे खनिज आणि पोलादाचे बंदर आहे. इथेही पैसा मालातूनच येणार.

मुंबईहून आखातामार्गे युरोप?

९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत-मध्यपूर्व-युरोप मार्गिकेची घोषणा झाली. कल्पना अशी: आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या बंदरातून जहाजाने कंटेनर अमिरातीला, तिथून रेल्वेने सौदी आणि जॉर्डनमार्गे इस्रायलच्या हैफाला, आणि पुन्हा जहाजाने युरोपला. महिन्याभरातच गाझात युद्ध पेटले आणि जॉर्डन-इस्रायल हा दुवा राजकीयदृष्ट्या गोठला.

राजकारण बाजूला ठेवले तरी नकाशात खिंडारे आहेत. घुवैफातपासून सौदीतल्या हराधपर्यंत रूळ जोडायचे आहेत. जॉर्डनमध्ये जे जुने रूळ आहेत ते हिजाझ काळच्या १,०५० मिलिमीटर गेजचे. आणि एक साधे गणित बघा. मोठ्या जहाजात वीस हजार कंटेनर मावतात. एका गाडीत चारशे धरले तरी ते जहाज रिकामे करायला पन्नास गाड्या लागतील, शिवाय दोनदा चढ-उतार. त्यामुळे हा मार्ग सुएझ कालव्याला संपवेल हे मला पटत नाही. औषधे, कपडे, यंत्रांचे सुटे भाग अशा घाईच्या मालाला मात्र तो उपयोगी पडू शकेल, आणि न्हावा-शेवा किंवा पालघरजवळ होणाऱ्या वाढवण बंदराला त्यात काम मिळू शकेल.

याच ओघात ते व्हॉट्सॲपवरचे 'मुंबई-दुबई समुद्राखालची रेल्वे' प्रकरण मिटवू. अबूधाबीतल्या एका सल्लागार संस्थेने २०१८ मध्ये फुजैराह-मुंबई अशी कल्पना मांडली होती. कुठल्याही सरकारने तिचे काम हाती घेतलेले नाही. इंग्लंड-फ्रान्समधला बोगदा पन्नास किलोमीटरचा आहे, आणि इथे अंतर जवळजवळ दोन हजार, वाटेत समुद्र तीन किलोमीटरहून खोल. कुणी तिकिटाचे दर पाठवले तर पुढे ढकलू नका.

शेवटी गाडीत बसणार कोण?

प्रवासी गाड्या तोट्यातच जातील, असा आक्षेप बरेच जण घेतात. सगळ्याच लाइनना तो लागू होत नाही. मक्का-जेद्दाह-मदिना ही सुमारे ४५० किलोमीटरची हरमैन रेल्वे २०१८ पासून ताशी ३०० किलोमीटरने धावते. रस्त्याने चार-पाच तास लागतात, गाडीने सव्वादोन-अडीच. हज आणि उमराहसाठी येणारे लाखो लोक ही तिची खात्रीची गर्दी. २०२२ मध्ये तिच्यावर महिला चालकांच्या ३० जागा निघाल्या, तेव्हा २८ हजार अर्ज आले. दुबई मेट्रो २००९ पासून चालू आहे आणि तिच्यावर कामाला जाणाऱ्यांची रोजची वर्दळ असते.

एतिहाद रेलने २०२६ हे प्रवासी सेवेचे वर्ष जाहीर केले आहे. अकरा शहरे आणि गावे, एका गाडीत सुमारे ४०० प्रवासी, ताशी २०० किलोमीटर, अबूधाबी-दुबई ५७ मिनिटांत (सुरुवातीला आलेली अर्ध्या तासाची गाडी वेगळी). शारजात स्वस्तात राहून रोज दुबईला जाणारे आणि दोन-दोन तास वाहनांच्या कोंडीत काढणारे लोक हे तिचे नैसर्गिक प्रवासी. अबूधाबीच्या मुसफ्फासारख्या औद्योगिक भागात राहणाऱ्या कामगारालाही सुट्टीच्या दिवशी दुबईतल्या भावाकडे जायचे असते. तो गाडीत बसेल की नाही हे तिच्या वेगावर ठरणार नाही. तिकीट बसच्या किती जवळ ठेवतात, आणि ४५ अंशांत चालत जाता येणार नाही अशा स्थानकापासून त्याच्या खोलीपर्यंत बस देतात की नाही, यावर ते ठरेल. दुबईत ही दुसरी गोष्ट मेट्रोला जोडणाऱ्या बसगाड्यांनी बऱ्यापैकी साधली. नव्या गाडीचे दुबईतले एक स्थानक जुमेराह गोल्फ इस्टेट्सच्या मेट्रो स्थानकाजवळ ठेवले आहे, ते याच विचाराने. बाकीच्या गावांतही अशीच जोडणी आधी व्हायला हवी, उद्घाटनानंतर दोन वर्षांनी नाही.